बावीस ठिपके

ओसाकातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका छोट्या कचेरीत चिझुरू कुराहाशीचं काम फोटो आकसवण्याचं होतं. हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमचा पडदा तळहातापेक्षा लहान. त्यावर आडवे दोनशे चाळीस ठिपके, उभे एकशे साठ आणि रंग मोजून दोनशे छप्पन. एवढ्यात अख्खं बंदर मावायचं म्हणजे लग्नाचे सगळे पाहुणे एका खोलीत निजवण्यासारखं. त्यासाठी तिने स्वतःच एक प्रोग्राम लिहिला होता. ज्या रंगाचे ठिपके सगळ्यांत कमी, तो रंग प्रोग्राम काढून टाकी आणि त्या ठिपक्यांना उरलेल्यांतला जवळचा रंग देई. कचेरीतले सगळे त्यावर खूश होते, आणि चिझुरू तर जरा जास्तच.

खुनाच्या तपासाच्या नव्या गेमसाठी ऑक्टोबरात ती आपल्या गावच्या, ओकिमुराच्या धक्क्याचा फोटो काढून आली. करडा समुद्र, करडं सिमेंट आणि टोकाला पिवळ्या रेनकोटातले बाबा, फेरीबोटीचा दोर धरून वाकलेले. पाऊस असो नसो, कामावर रेनकोट अंगावर असायचाच. कॅमेरा दिसला की तोंड फिरवणारा माणूस, पण या खेपेला त्यांना पत्ताच लागला नाही. आकसलेल्या फोटोत बाबांच्या वाट्याला पिवळे बावीस ठिपके आले. तरी ते वाकणं ओळखीच्या कोणीही ओळखलं असतं. फोटो आकसवून झाला की मूळ फोटोची डिस्क पुसून पुढच्या कामाला घ्यायची, ही कचेरीची रीत. चिझुरूने ती पुसली. तेव्हा बाबा चांगले धडधाकट होते.

जानेवारीत ते झोपेतच गेले. घरात गेलेल्या माणसांची पूजा होते त्या वेदीवर ठेवायला फोटो शोधला, तर गाडी चालवायच्या परवान्यावरचा एकच सापडला.

"यात हे चोरासारखे दिसतात," तिची आई फुमिए म्हणाली. "हे काही ते नव्हेत."

तेव्हा चिझुरूने तिला सांगितलं की बाबा गेममध्ये आहेत, धक्क्यावर, कामावर असताना जसे असत तसे. गेमची कॅसेट एकदा कारखान्यात तयार झाली की तिच्यातलं काही पुसलं जात नाही. आईला यातलं अर्धंच कळलं असेल, पण त्या दिवसापासून फोनवर तिचं एकच विचारणं असे, कधी येणार ती कॅसेट.

फेब्रुवारीच्या शेवटी, काम कारखान्याला धाडायच्या आदल्या दिवशी, तिचे साहेब नेजिमे-सान म्हणाले की फोटोंवर संवादाची अक्षरं वाचता येत नाहीत, दर फोटोतले सोळा रंग अक्षरांना द्या.

"समुद्र बघून कोणी खुनी शोधत नाही, कुराहाशी-सान."

चिझुरूने गेममधले साठही फोटो पुन्हा प्रोग्राममधून काढले. नवे फोटो जुन्यांवरच लिहिले गेले. मग एकेक उघडून तपासला. धक्क्याचा तेवढा उघडला नाही. जानेवारीपासून तो तिला बघवतच नव्हता. आपलाच प्रोग्राम आहे, काय बिघडणार, असं म्हणून तिने पुढचा घेतला.

एप्रिलात ती कॅसेट घेऊन गावी गेली. आईने वेदीपुढे भाताची वाटी ठेवली, चष्मा पुसला आणि खिडकीशी येऊन बसली, कारण त्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. चिझुरूने गेम सुरू करून तिच्या हातात दिला. पहिलंच दृश्य धक्क्याचं होतं.

आईच्या खांद्यावरून तिने वाकून पाहिलं. करडा समुद्र, करडं सिमेंट. टोकाला कोणी नव्हतं. उजेडाचा दोष असेल म्हणून तिने यंत्र तिरकं केलं, सरळ केलं. मग तिला कळलं. तो पिवळा रंग अख्ख्या फोटोत बावीसच ठिपक्यांपुरता होता, आणि उरलेल्यांत त्याला सगळ्यांत जवळचा रंग सिमेंटचा होता. तिच्याच प्रोग्रामने बाबांना धक्क्यात लिंपून टाकलं होतं.

आई मात्र शोधत होती. तिचं बोट धक्क्यावरून सरकत सरकत दोर बांधायच्या लोखंडी खुंट्यापाशी थांबलं.

"हे काय इथे आहेत," ती म्हणाली. "हेच ना गं?"

खरं सांगून टाकावं असं चिझुरूला वाटलं. पण जानेवारीनंतर पहिल्यांदाच आईचा चेहरा सैल झाला होता.

"हो, आई. तेच."

आईने त्या खुंट्यावरून एकदा बोट फिरवलं. मग तिने यंत्र उचलून वेदीवर, भाताच्या वाटीशेजारी ठेवलं आणि हात जोडले.

"आज रेनकोट नाही घातला वाटतं यांनी," ती म्हणाली. "भिजतील."