तिसऱ्यांदा हिरवी

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत. तिच्या हातून चूक निसटत नाही, अशी तिची ख्याती. खरं तर चाळणीला भोकं असतात, पण कौतुकाच्या भरात हे कोण बघतो?

सलाइनमधून औषध सोडणाऱ्या पंपाचं सॉफ्टवेअर ती तपासायची. एकूण दोनशे बारा चाचण्या. त्यातली एकसष्टावी भारी खोडसाळ. औषधाचा वेग मध्येच बदलला, तरी बाटली संपत आली की गजर व्हायलाच हवा. तो बहुतेकदा व्हायचा, पण एखाद्या वेळी पंप मुका राहायचा. चाचणी फसली तर तीनदा चालवायची आणि एकदा जरी हिरवी झाली तरी पास लिहायची, हा रिवाज चाळणीनेच पाडला होता. खापर फोडायला नेटवर्क होतंच. शेवटच्या तपासणीत एकसष्टावी दोनदा लाल झाली, तिसऱ्यांदा हिरवी. तिने सही केली आणि वेळेवर घरी गेली.

आठ महिन्यांनी तिची आई अतिदक्षता विभागात होती. रक्तदाब औषधावर तगून होता, आणि ते औषध सोडत होता तोच पंप. पडद्याच्या कोपऱ्यात सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा आकडा होता. चाळणीने सही केली होती तीच आवृत्ती.

"ताई, हा पंप तुमच्याच कंपनीचा ना?" धाकट्या भावाने विचारलं. त्याचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा सैलावला होता. "मग मी निर्धास्त. जरा पाठ टेकतो."

त्याला झोपू द्यावं, आपण गुपचूप पंपावर नजर ठेवावी, असं तिच्या मनात आलं. पण तिलाही कधीतरी डुलकी लागणारच होती. तेवढ्यात नर्सने येऊन औषधाचा वेग वाढवला. आता गप्प बसणं तिला जमेना.

"सिस्टर, वेग बदलल्यावर याच्या गजरावर विसंबू नका. कधीकधी वाजत नाही."

नर्सने मान वर केली नाही. "माहीत आहे आम्हाला. मागे त्या पलीकडच्या खाटेवर वाजला नव्हता. बाई गेल्या. आम्ही कंपनीला लेखी कळवलं, तर उत्तर आलं की तपासणीत असा दोष आढळलेला नाही. सोबत सही केलेला अहवालही जोडला होता." मग तिने चाळणीकडे पाहिलं. "पण तुम्हाला कसं माहीत?"

चाळणीला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

"ताई, सही कोणाची होती?" भावाने विचारलं.

"माझी."

तो उठला, तिला उठवून तिच्या खालचं स्टूल घेतलं आणि पंपासमोर, बाटली नीट दिसेल असं ठेवून त्यावर बसला.

"तू घरी जा," तो म्हणाला. "आईजवळ मी आहे."