शेणाविना मी दगडच

मी दगड बोलतोय. दळलेला, पण दगडच. माझ्या पोटात फॉस्फरस आहे म्हणून मला खाणीतून फोडून काढलं, पीठ केलं आणि पोत्यात शिवलं. १९५४ साली रोहण्याला रूपरावांच्या गोठ्यात उतरलो. "मुळांना बळ येते यानं," आणणारा शेतकी कामदार म्हणाला. कसं वापरायचं, ते सांगायचं मात्र विसरला. शहाणाच म्हणायचा!

रूपरावांनी मला मूठमूठ कपाशीत फेकलं. इथली काळी माती चुनखडीची, तिच्यात मी विरघळत नाही. कपाशी होती तशीच राहिली. "दगडानं कुठं पीक येते?" म्हणत त्यांनी पोतं गव्हाणीमागं ढकललं. द्यायचं ते पोटातच, आणि तोंड पुन्हा सुतळीनं शिवलेलं. जीव नुसता घुसमटायचा.

घरात माझ्यासारखीच आणखी एक होती. देवकाबाई, रूपरावांची धाकटी भावजय. नवरा बैराग्यांमागं निघून गेलेला, पाच वर्षं पत्ता नाही. पोटापुरती दीड एकराची पट्टी तिला दिलेली. "पुढच्या साली तूर नाई झाली तं पट्टी मी वापस घेईन," रूपरावांनी तिला बजावलं होतं.

रांगोळी संपली म्हणून एकदा तिनं सुतळी उसवून माझी चिमूट घेतली. "मातकट दिसून राह्यली व," सासू कुरकुरली. तरी ती रोज मलाच ओढायची, आणि झाडून उकिरड्यावर टाकायची. तिथं ओल होती, ऊब होती, कुजत्या शेणाचं आंबट पाणी होतं. काय सांगू, जन्मात पहिल्यांदा मी सुटू लागलो!

उकिरड्याच्या काठी आपोआप उगवलेली तूर तिच्या कमरेला लागली. देवकाबाईनं ते हेरलं. मग कोणाला न सांगता तिनं सुपासुपानं मला शेणाच्या थरांत कुजवलं, आणि उन्हाळ्यात ते खत पट्टीत ओढलं. त्या साली तूर शेंगांनी वाकली.

रूपराव बांधावर आले. "जमीन चांगली निघाली व देवका. तुले एकटीले नाई झेपणार. आता मीच पाह्यतो."

"बरं जी," ती म्हणाली.

अर्धं झालेलं पोतं त्यांनी पाहिलं होतं. "हे कसं टाकलं होतं?"

तिनं पदर सावरला. "तुमी टाकलं तसंच जी. मूठमूठ, कोरडं."

तेवढं एक खोटं ती बोलली, आणि त्यात मी अडकलो. उरलेलं पोतं रूपरावांनी पट्टीत उधळलं. आता काळ्या मातीत मी पुन्हा दगड होऊन पडलोय. बांधावरून ती मजुरीला जाते, खाली पाहत नाही.

बाई, माझा राग नाही. सांगू नकोस त्यांना. पण कुठं हातभर जमीन तुझी झाली, तर गव्हाणीमागं माझी दोन सुपं अजून सांडलेली आहेत. तेवढी उचलून ने.