काटा उठेपर्यंत

मी पेट्रोलचा काटा बोलतोय. एका जुन्या मोटारीत, स्टिअरिंगमागच्या गोल काचेआड माझं घर आहे. डावीकडे ‘रिकामी’, उजवीकडे ‘भरलेली’, एवढंच माझं जग. वेगाचा काटा माझा थोरला भाऊ. तो धावतो, म्हणून सगळ्यांचा लाडका. मी फक्त किती उरलं ते सांगतो. असं सांगणाऱ्याला घरात कुणी फार विचारत नाही.

गाडी मूळची मालकीणबाईंच्या वडिलांची. ते मला बघून पेट्रोल भरायचे आणि भरल्यावर पुन्हा बघायचे. माणूस सरळ होता. नंतर गाडी जावयाकडे आली. आमचे मालक मला बघत नाहीत, बोटाने टकटक करतात. माझं आयुष्य त्या टकटकीत गेलं, पण तक्रार नाही.

मालकांची लेक लांबच्या गावी, पहिलटकरीण. दिवस भरत आलेले. आईने जवळ असावं एवढीच तिची इच्छा. आता मालकीणबाईंना बस लागते. दुसऱ्या थांब्याला खिडकी उघडावी लागते आणि चौथ्याला उतरावं लागतं. तेव्हा जायचं ते गाडीनेच, असं ठरलं.

प्रवासाची तयारी म्हणून मालकांनी डिकीतली पेट्रोलची टाकी बाहेर काढली, तिचा गंज खरवडला आणि तिला काळा रंग दिला. एक हात दिला, दुसरा दिला. डब्यात थोडा उरला, तो वाया कशाला घालवा म्हणून तिसरा. टाकी ज्या कडांवर टेकते त्या कडा रंगवल्या, स्क्रूंची भोकं रंगवली. मग टाकी परत बसवली आणि लांब उभं राहून बराच वेळ बघितली.

त्यानंतर मी उठलोच नाही.

तरी ते निघाले. “अगं, काट्याचं काय घेऊन बसलीस! पेट्रोल माझ्या अंदाजात आहे.” मी ‘रिकामी’ म्हणत होतो, पण मी आता रोजच ‘रिकामी’ म्हणत होतो. वाटेत ते खरं झालं. शेजारच्या टेम्पोने आम्हाला दोरीने बांधून घरी आणलं. 

दारात मालकांनी जाहीर केलं, “काटा दुरुस्त झाल्याशिवाय ही गाडी गल्लीबाहेर जाणार नाही.”

मालक आत गेले. मालकीणबाई गाडीत बसून राहिल्या. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले आणि हळू आवाजात नेम धरला: “काटा उठेपर्यंत गाडीवरून यांना एक वाकडा शब्द बोलणार नाही. मला लेकीपाशी पोचू दे.”

नेम अवघड होता. सकाळी चहा देताना त्या गाडीबद्दल काही बोलल्या नाहीत. जेवताना बोलल्या नाहीत. मालकांना घाम फुटला. एवढा राग त्यांनी संसारात कधी पाहिला नव्हता. जेवण अर्धवट टाकून ते उठले, कॅन भरभरून पेट्रोल आणून टाकीत ओतलं आणि पाने-पक्कड घेऊन डिकीकडे गेले.

माझी परीक्षा त्यांनी अशी घेतली: टाकीकडून येणारी तार सोडली, गाडीच्या पत्र्याला टेकवली, धावत पुढे येऊन मला बघितलं. धावताना तार सुटली होती. पुन्हा टेकवली, पुन्हा धावले. मी सावकाश उठतो. आमच्या घराण्यात कुणी उडी मारत नाही. ते पोचेपर्यंत मी पुन्हा आडवा झालेला असे.

“मेला काटा,” ते म्हणाले.

मला काढून शिवणाच्या डब्यात ठेवलं आणि माझ्या जागी नवा काटा बसवला. तोही झोपला. मला वाईट वाटलं नाही. नवा परत गेला, मी परत आलो.

मालक पुन्हा डिकीत वाकले. मालकीणबाई पुढे येऊन बसल्या आणि त्यांनी किल्ली फिरवली. मी उठलो की दिसावं म्हणून त्या माझ्याकडे बघत प्रार्थना पुटपुटत होत्या. मागे पाना घसरल्याचा आवाज झाला, आणि माझ्या अंगात ऊब आली.

“अहो! हलू नका!”

“अगं, पाना पडलाय फक्त.”

“त्याला हात लावू नका. काटा उठतोय.”

“कितीवर आलाय?”

“येतोय. घाई करू नका त्याला.”

“माझी कंबर गेली गं.”

“जाऊ दे. अर्ध्यावर आला!”

अर्ध्याच्या थोडा पुढे जाऊन मी थांबलो. तेवढंच पेट्रोल टाकीत होतं.

मालक तसेच वाकून पान्याकडे बघत राहिले. त्याचं एक टोक टाकीच्या झाकणावर होतं, दुसरं गाडीच्या पत्र्यावर. टाकीचं लोखंड गाडीच्या लोखंडाला भिडलं तरच टाकीतला निरोप मला पोचतो. आणि त्या दोघांच्या मध्ये मालकांच्या हातचा, तीन हातांचा, गुळगुळीत काळा रंग होता.

 पॉलिश पेपर घेऊन त्यांनी एका कडेचा रंग नखाएवढा घासला, स्क्रू आवळला, पाना उचलला. मी जागचा हललो नाही.

आता नेम फिटला होता. मालकीणबाई उतरून मागे गेल्या. मालक मान खाली घालून उभे राहिले. वाटेतला टेम्पो, वाया गेलेले दिवस, सगळं एकदम ऐकून घ्यायची त्यांची तयारी दिसत होती. बाईंनी टाकीवरून हात फिरवला.

“रंग मात्र छान बसलाय,” त्या म्हणाल्या. “चला, पिशव्या भरते.”

वाटेत मालकांनी मला बघून पेट्रोल भरलं, आणि भरल्यावर पुन्हा बघितलं. संध्याकाळी लेक दारातच दिसली, पोटावर हात ठेवून उभी. गाडी नीट थांबायच्या आत मालकीणबाई उतरल्या. चपला गाडीतच राहिल्या.

मालकांनी बोट उचललं, माझ्या काचेपर्यंत आणलं, आणि टकटक न करता खाली घेतलं. मग किल्ली काढली. मी सावकाश डावीकडे कलू लागलो.

वाचकहो, एवढंच मागणं आहे. किल्ली काढलेल्या काट्याला बघून गाडी रिकामी आहे म्हणू नका. टाकीत अजून बरंच आहे. मी फक्त जरा टेकलोय.