खालीच हाय

लेकीला, टीनाला, मांडीवर निजवता निजवता मला आमच्या बोडीत लाल झेंड्या दिसल्या. बोडी म्हणजे धानापुरतं लहान तळं. वैशाखात ते कोरडं पडतं; भेगाळलेलं, सपाट, सावलीला एक झाड नाही. पण दिवाळीच्या आधी धानाला शेवटचं पाणी पंपानं तिथूनच चढतं. ते चुकलं की लोंबी पोचट.

सोलरवाले आमच्या गावच्या, कोंढ्याच्या शिवारात जागा शोधत फिरत होते. आणि परवापासून सासऱ्यांच्या डोक्यावर नवी टोपी होती, तिच्यावर पिवळा सूर्य.

टीनाला झोळीत टाकून मी भांडी घासायला बसले. सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामाजी, टोपी कोनं देल्ली?"

"त्या सायबानं. ऊन लागते म्हने."

"अशीच?"

"मंग का बैल देल्ला मी त्याले?"

ते हसले. मला हसू येईना. टेंभराच्या, म्हणजे तेंदूच्या फळाचा गर बोटानं नातीला चाटवणारा हा माणूस. पण कुठंतरी सही करून बसला असणार, हेच डोक्यात.

"का विचारलं त्यानं?"

"बोडीकडं हात करून म्हने, दादा, ये जगह खाली है ना? मी म्हनलो, हो जी, खालीच हाय."

माझा हात थांबला. "कायच्या खाली?"

"गावाच्या. पानी तिकडंच उतरते ना. उंच असती तं माह्या बापानं बोडी कायले बांधली असती?"

"मामाजी, तो हिंदीत बोलला. त्याचं खाली म्हंजे रिकामी."

त्यांनी टोपी काढून पायरीवर ठेवली आणि बोडीकडं निघाले.

टीनाला कडेवर घेऊन मी त्यांच्या मागोमाग गेले. साहेब मोजणीच्या यंत्राला डोळा लावून उभा होता.

"सर, ये खाली नहीं. तालाब है," मी म्हटलं.

"तालाब? पानी कहाँ है?" त्याला खरं वाटेना. आम्ही भाव वाढवायला आलोय असं बघत होता.

मामाजी वाकले. भेगेतून गेल्या वर्षीच्या शिंगाड्याचं काळं टरफल काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. काटा टोचला तसा त्यानं हात झटकला. मग वाकून पायाखालच्या भेगा पाहिल्या.

"नक्शे में तो सूखा मैदान दिखता है."

"उन्हाळ्यात काढला असन," मामाजी म्हणाले.

त्यानं एकेक झेंडी उपटली. जाता जाता वरच्या आमच्या बांध्यांकडं, धानाच्या मोकळ्या वाफ्यांकडं, बोट केलं. "और वो? वो खाली है?"

मामाजींनी आधी माझ्याकडं पाहिलं.

"नाही जी," ते म्हणाले, "ते वर हाय."

या खेपेला ते चुकून म्हणाले की जाणून, मी विचारलं नाही.