स्टेफानकाकांची रुर्की

उपासनाने सूप वाढायचा डाव हातात घेतला आणि स्वयंपाकघरातून बेसमेंटमध्ये उतरणाऱ्या हीटिंगच्या पाइपवर एक टोला दिला. आवाज खाली गेला. लगेच तिला आपण हे काय करून बसलो असं झालं.

डाव हॅलिनाकाकूंचा. जेवण तयार झालं की त्या असाच एक टोला द्यायच्या आणि खाली जुनी घड्याळं खोलून बसलेले स्टेफानकाका वर यायचे. ऑक्टोबरात काकू गेल्या. ॲन आर्बरच्या त्या घरात आता घरमालक खाली आणि नागपूरची भाडेकरू वर, एवढेच उरले. काकांनी वर येणंच सोडलं होतं. जिन्यात ठेवलेलं सूप तीन दिवस जसंच्या तसं राहिलं होतं.

पाइपांना पोलिशमध्ये रुर्की म्हणतात, हे काकूंनीच तिला शिकवलं होतं. सरबताच्या स्ट्रॉ म्हणजे रुर्की, पोकळ पास्ता रुर्की, क्रीम भरलेल्या खुसखुशीत नळ्या रुर्की, आणि उपासनाची घट्ट जीन्स, तीही रुर्कीच. तुमच्याकडे शब्दांचा एवढा तुटवडा कसा, म्हणून ती चिडवायची. काकू हसून आणखी एक क्रीमची नळी तिच्या ताटलीत ठेवायच्या.

जिन्यावर धावती पावलं वाजली. काका धापा टाकत, शर्टाची गुंडी लावत दारात आले. त्यांनी आधी शेगडीकडे पाहिलं, मग उपासनाकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने माफी मागितली. काका खुर्चीत बसले आणि त्यांनी वाटीतलं सूप संपवलं.

"हॅलिना एकदाच वाजवते," ते म्हणाले.

त्यांना 'वाजवायची' म्हणायचं असेल, असं तिला वाटलं; तिने ती चूक सुधारली नाही.

"रोज वाजवते. मी वर येतो, तर इथे कुणी नसतं. म्हणून यायचं बंद केलं. आज मात्र राहवलं नाही. तू दोनदा वाजवत जा. म्हणजे मला कळेल."

गरम होताना पाइप वाजतात, जुन्या घरात हे चालायचंच, असं तिने स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरणाला फोडणी देऊन ती पाइपपाशी गेली. डाव उचलण्याआधीच पाइप एकदा वाजला. खाली काही हललं नाही. तिने पाइपला हात लावला. तो थंडगार होता. मग तिने घाईने दोन टोले दिले.

काका वर आले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभेच राहिले.

"आधीचा एक तुझाच होता ना?"

उपासना भात वाढायची थांबली.

"नाही काका. माझे दोनच."

त्यांनी मान डोलावली, आणि त्या दिवशी ते पोटभर जेवले.