तळ्यावरचे धोंडिराम

“सुहास, खडू खाली ठेव.”

मार्तंड दिघे माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात मोबाइल, अंगात कडक इस्त्रीचा कुर्ता. रविवारी सकाळी साडेसातला हा माणूस एवढा नटलेला दिसला की समजायचं, कुणीतरी बडा पाहुणा येणार.

“नाही ठेवत,” मी म्हटलं. “तू फडकं ठेव.”

“शुक्रवारी पुसलं, काल पुसलं. आज तिसऱ्यांदा लिहितेयस. लाज वाटत नाही तुला?”

“पुसतोयस तू आणि लाज मला वाटायची? वा रे वा!”

मार्तंड आणि मी एकाच वर्गात होतो, त्यामुळे अरेतुरेची सोय आहे. आता तो आमच्या तलाव समितीचा सेक्रेटरी आहे आणि मी फळ्यावर लिहिणारी. समितीवर निवडणूक होते. फळ्यावर होत नाही. पोस्टातली नोकरी लागली त्या वर्षी माझं अक्षर बरं म्हणून कुणीतरी खडू हातात दिला, तो पुन्हा कुणी मागितलाच नाही. नोकरीतून रिटायर झाले, फळ्यावरून नाही.

मुलुंडला आमच्या वाघजाई तळ्याच्या घाटाला लागून एक भिंत आहे, तिच्यावर काळा रंग दिलेला आहे, तोच फळा. कुणाला मुलगी झाली, कुणाचं ठरलं, कुणाचा पोपट उडाला, उद्या पाणी कमी दाबाने येणार, सगळं त्याच्यावर. ग्रुप आहे हो मोबाइलवर, तीनशे माणसं आहेत त्यात, पण तिथे सकाळी सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार. खरी बातमी बघायला लोक दुधाची पिशवी हातात घेऊन फळ्यापाशीच थांबतात.

मरणाच्या बातमीची मात्र रीत ठरलेली आहे. ती सगळ्यात वर लिहायची. आडनाव नाही, हुद्दा नाही, फक्त नाव, आणि शेवटी ‘तळ्यावरचे’. अमुक तळ्यावरचे, आज गेले. ती ओळ तीन दिवस कुणी पुसत नाही, आणि ती असेपर्यंत तळ्याकाठी लाउडस्पीकर लागत नाही. एकदा तर नवरात्रातला गरबा लोकांनी नुसत्या टाळ्यांवर खेळला होता. कुणी कायदा केलेला नाही. पण आम्ही पाळतो.

घोडं इथेच अडलं होतं. शुक्रवारी सकाळी धोंडिराम गेला आणि रविवारी तळ्याच्या सुशोभीकरणाचा सोहळा होता. रंगीत दिवे, नवी फरसबंदी, दोन सिमेंटचे बगळे, आणि दहा वाजता पाहुण्यांच्या हस्ते फीत. स्पीकरवाला पहाटेपासून वायरी ओढत होता.

“हे बघ,” मार्तंड आवाज खाली आणून म्हणाला. तो आवाज खाली आणतो तेव्हा जास्त डोक्यात जातो. “मी म्हणतोय का लिहू नको? उद्या लिही ना. मेलेला माणूस एका दिवसात पळून जाणार आहे का?”

“तो नाही जाणार. तू जाशील. उद्या म्हणशील, शिळी बातमी.”

“आणि मुळात तो तळ्यावरचा होता का? कुठल्या सोसायटीचा मेंबर होता? त्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होता, तेही कुणाला न विचारता.”

“मग कुठला होता? चंद्रावरचा?”

धोंडिराम वेंगुर्ल्याकडचा. मिल बंद पडली तसा इथे आला आणि घाटावरच्या शेडमध्ये बायकोला घेऊन राहिला. चाळीस वर्षं आमचे गणपती त्याने पाण्यात नेले. जलपर्णी माजली की गळ्यापर्यंत उतरून ती उपटायचा. किल्ल्या, चष्मे, एकदा कुणाची तरी कवळी, सगळं तळातून वर आणून द्यायचा. आणि ज्यांच्याकडे बघवत नाही असे चार-पाच बुडालेलेही त्यानेच बाहेर काढले होते. कांजूरकडचा वारा सुटून डंपिंगच्या कचऱ्याचा वास आला की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. त्याच्या शेडला खिडकीच नव्हती. हा म्हणे तळ्यावरचा नव्हे!

आणि यांनी काय केलं होतं? शेड पाहुण्यांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून ‘सुस्वागतम्’चा पंधरा फुटी फ्लेक्स बरोब्बर तिच्या दारासमोर बांधला होता. आत सुगंधा, त्याची बायको, नवऱ्याला जाऊन दोन दिवस झालेले. बाहेर पडायचं तर फ्लेक्सखालून वाकून. माझं डोकं फिरलं ते शुक्रवारी नाही, काल तो फ्लेक्स बघून.

एव्हाना दहा-पंधरा माणसं जमली होती. मी खालची सोहळ्याची रंगीत जाहिरात तशीच ठेवून वर लिहायला सुरुवात केली. धोंडिराम, तळ्यावरचे, शुक्रवारी सकाळी गेले.

“अगं, त्याला तरी वाचता येत होतं का?” मार्तंड आता ओरडलाच. “बायकोलाही येत नाही. तू लिहिलंस काय, नाही लिहिलंस काय, त्यांना काय फरक पडतो?”

हे वाक्य मला असं लागलं की हातातला खडू मोडला. का लागलं ते मार्तंडला कळायला हवं होतं. जगात ते कळू शकणारी माणसं दोनच, तो आणि मी.

तेवढ्यात फ्लेक्स हलला आणि खालून सुगंधा बाहेर आली. सुतकातली बाई अशी चारचौघांत येत नाही, म्हणून माणसं आपोआप बाजूला झाली. साडी चुरगळलेली, डोळे कोरडे. ती सरळ फळ्यापाशी आली.

“ताईनू, ह्येंचां नाव लिवलास म्हणून आयकलंय.”

“लिहिलंय,” मी म्हटलं. “हे बघ. हे पहिलंच.”

तिने नावाला हात लावला नाही. अंगठा आणि करंगळी ताणून हवेतच नावासमोर वीत धरली. इकडून तिकडे बघितलं आणि मान हलवली.

“ह्यां त्येंचां नाव न्हय.”

“म्हणजे गं?”

“त्येंचां नाव लांब आसा. दोन विती. तुमीच लिवललात मागे, ह्येच भितीर. ह्येनी माका हयसर आणून दाखवल्यानी. मी वितीन मोजललंय ना! ह्यां दुसऱ्याच कोणाचां तरी लिवलास तुमी.”

मार्तंडने माझ्याकडे बघितलं. त्याला आठवलं होतं.

तेवीस वर्षं झाली त्या गोष्टीला. मार्तंडची मुलगी शर्मिष्ठा तेव्हा पंधरा वर्षांची. घाटावर शेवाळावरून पाय घसरला आणि पाण्यात गेली. धोंडिराम कपड्यांसकट उडी मारून गेला, केसांना धरून तिला वर आणलं, खांद्यावर टाकून दिघ्यांच्या घरी पोचवलं. संध्याकाळी मार्तंड माझ्याकडे आला. म्हणाला, बातमी दे, नाहीतर पोरीने जीव द्यायला उडी मारली असं लोक म्हणतील. पण त्याचं नाव नको. ओल्या कपड्यांतली वयात आलेली पोर खांद्यावरून आणली, लोक चवीने चघळत बसतील. मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, शेजाऱ्याशी वाकडं कशाला घ्या, एवढंच. मी लिहिलं, ‘पाय घसरून पाण्यात पडलेली शर्मिष्ठा रहिवाशांच्या मदतीने सुखरूप.’

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडिराम फळ्यापाशी उभा. दाढी केलेली, धुतलेला सदरा. चाळीस वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते तेव्हाच. म्हणाला, “बाय, माझां नाव खंय आसा त्येच्यात? माका दाखवा तरी.”

आणि मी दाखवलं. ‘रहिवाशांच्या मदतीने’ या शब्दांखालून बोट फिरवलं आणि म्हटलं, “हे बघ. हे तुझं नाव.” मार्तंड शेजारीच उभा होता.

शिकलेली बाई मी. पोस्टात लोकांची मनीऑर्डर, पत्रं लिहून देणारी. ज्याला अक्षर कळत नाही त्याला फसवणं किती सोपं असतं! तो एवढा हसला की मला घरी जाऊन चहा गेला नाही. पण जाऊन सांगितलं का खरं? नाही. आज सांगू, उद्या सांगू करत तेवीस वर्षं घालवली आणि शुक्रवारी तो मेला.

सुगंधा माझ्या तोंडाकडे बघत होती. मार्तंड पुटपुटला, “सुहास, पुरे आता. घरी जा.”

“तू गप रे!” मी म्हटलं. मग सुगंधाकडे वळले आणि सगळ्यांच्या देखत, एक शब्द न गाळता, सगळं सांगितलं. मार्तंड काय बोलला ते, आणि मी काय केलं तेही. “दोन विती होतं ते त्याचं नाव नव्हतं, सुगंधा. ते नाव मी लिहिलंच नव्हतं. खोटं बोलले मी त्याच्याशी. त्याचं नाव हे. आज पहिल्यांदा लिहिलंय आणि त्याने बघितलेलं नाही.”

स्पीकरवालाही वायर हातात धरून ऐकत होता.

सुगंधा रडेल असं मला वाटलं. रडली नाही. चिडलीच.

“तेवीस वरसां,” ती म्हणाली, “येताजाता ह्या भितीक हात लावी तो माणूस. पावसात अक्षरां गेली, तरी जागो ठावक व्हतो त्येका. पावण्यांका दाखय, हयसर माझां नाव व्हतां म्हणान. आणि तुमी बघी ऱ्हवलात?”

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? बघतच राहिले होते.

“मगे आता लिवा,” तिने फळ्याकडे बोट केलं. “पयल्यापासून लिवा. कोणी काढलां चेडवाक, तां लिवा.”

‘चेडवाक’ म्हणजे मुलीला, हे मला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. ती मुलगी गर्दीतच होती. शर्मिष्ठा सकाळपासून मांडवात रांगोळी काढत होती, हातांना अजून गुलाबी रंग होता. ती पुढे आली.

“बाबा, त्यांनी मला काढलं हे मला माहीत होतं,” ती म्हणाली. “मला वाटायचं, त्यांनाच नाव नको असेल. तुम्ही गाळलंत?”

“तुझ्यासाठीच ना गं! लोक काय बोलले असते...”

“बोलू दे ना मग!”

तिने बापाच्या हातातलं ओलं फडकं काढून घेतलं. मार्तंडने धरून ठेवलं नाही. शर्मिष्ठाने सोहळ्याची अख्खी जाहिरात पुसली, रंगीत खडूची फुलं, पाहुण्यांचं नाव, दहाची वेळ, सगळं. वरची ओळ तेवढी ठेवली. काळं पाणी तिच्या कोपरांवरून ओघळत होतं.

“मी आता पाहुण्यांना काय सांगू?” मार्तंड म्हणाला. त्याचा आवाज या वेळी खरंच बसला होता.

“सांग, तळ्यावरचा माणूस गेलाय. स्पीकर लागणार नाही. कापायची तर मुकाट्याने फीत कापा म्हणावं.”

तो फोन कानाला लावून मांडवापलीकडे गेला. समितीवरचे दोघं-तिघं माझ्यावर डाफरले, एक म्हणाली हे अति झालं, वय झालंय तुमचं, खडू दुसऱ्याला द्या. मी म्हटलं, येऊन घे हातातून. आली नाही.

मग मी लिहायला घेतलं. फळा वाळायचीही वाट बघितली नाही. ‘चुकीची दुरुस्ती. तेवीस वर्षांपूर्वी शर्मिष्ठाला पाण्यातून धोंडिराम यांनी एकट्याने बाहेर काढलं. तेव्हा त्यांचं नाव मुद्दाम गाळलं होतं. गाळणारी, सुहासिनी.’ अक्षर माझं राहिलं नव्हतं. ओल्या जागी खडू उमटत नव्हता तिथे दोनदा गिरवलं.

सुगंधा एकेका शब्दाला विचारत होती, ह्यां काय, ह्यां काय. मी वाचून दाखवत होते. धोंडिराम आलं तेव्हा थांबले. तिने पुन्हा वीत लावली.

“एवढांच व्हतां नाव त्येंचां?”

“एवढंच.”

तिने आधी खालचं, मग वरचं, दोन्ही नावं पुन्हा पुन्हा बघितली. दोन्हीकडे सारखीच आहेत ना, याची खात्री करून घेत होती. माझ्यावर विश्वास ठेवायचं तिला काही कारण नव्हतं. शेवटी शर्मिष्ठाकडे वळून तिने विचारलं, “बाय, ह्यां खरां ना?”

“खरं आहे, काकी,” शर्मिष्ठा म्हणाली.

तेव्हा कुठे तिने मान हलवली. मला माफ केलं असं म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही, एवढ्यात मागण्यासारखं ते नव्हतंच.

दोघा-तिघांनी जाऊन शेडसमोरच्या फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या. तिला म्हणाले, जा, आत जाऊन पड जरा. ती गेली नाही. “पुसतीत परत,” एवढंच म्हणाली आणि फळ्याखालच्या कट्ट्यावर बसली.

दहाला पाहुण्यांची गाडी घाटाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. सुगंधा उठली नाही. भिंत अगदी पाठीला लागून होती, पण ती टेकली नाही. अक्षरं पुसतील म्हणून पाठ ताठ ठेवून बसून राहिली.