फक्त उजवा पाय

आमच्या प्रयोगशाळेत मॅडमचा नियम होता: फक्त उजवा पाय मोजायचा, डावा तसाच असतो. म्हणून मी चाळीस बेडकांच्या सांगाड्यांचे मागचे उजवे पाय मोजले. उड्या मारणाऱ्या बेडकांची असते तशी नडगी मांडीपेक्षा लांब भरली. एकाचीच चांगली आखूड निघाली. हा बेडूक उडी न मारता चालत असणार, असं मी ठोकून दिलं आणि सकाळी शोधनिबंध पाठवूनही टाकला.

दुपारी मॅडम कौतुकाने तेच हाड बघायला आल्या. भिंगाखाली धरलं आणि एका जागी बोट ठेवलं.

"ही गाठ दिसली नाही तुला? हाड मोडून जुळलंय. हा चालणारा कुठला, लंगडा आहे बिचारा!"

मी घाईघाईने डावी नडगी मोजली. चांगली लांब होती. मी आतल्या आत चडफडत होते: नियम कुणाचा होता?

मॅडमनी कपाट उघडलं. ज्या बेडकांवर त्यांना डॉक्टरेट मिळाली होती, त्यांचा जुना डबा काढला आणि त्यात डावे पाय शोधू लागल्या. तेव्हा त्यांनीही फक्त उजवेच मोजले होते.